किंकाळी म्हणजे नक्की काय? किंचाळी, खिंकाळी, हंबरडा, टाहो... सगळे घोळ एकाच ठिकाणी

मी मराठी सबटायटल तपासायचं काम करते, आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच की ताई इथे किंकाळी लिहू का किंचाळी, का नुसतं ओरडते असं लिहून टाकू. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. व्याकरणाचं पुस्तक म्हणून वाचू नका, रोज कानाने ऐकून आणि डोळ्याने वाचून जे कळलंय ते लिहिलंय.

प्रश्न: किंकाळी या शब्दाचा अर्थ काय?

भीतीने किंवा असह्य वेदनेने माणसाच्या तोंडून एकदम बाहेर पडलेला उंच, टोकदार आवाज. यातलं एकदम हे फार महत्त्वाचं आहे. किंकाळी ठरवून मारली जात नाही, ती निघते. विंचू चावला, पायाखाली साप आला, अंधारात कोणीतरी मागून तोंड दाबलं, चालत्या गाडीतून कोणी पडलं, अशा वेळी घशातून जे निघतं ते किंकाळी. डोकं विचार करायच्या आधीच आवाज निघून गेलेला असतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तिच्यात शब्द नसतात, हे मी खाली परत सांगणारच आहे कारण माझ्या मते या शब्दाचं अख्खं मर्म त्याच्यातच आहे.

प्रश्न: किंकाळी आणि किंचाळी एकच ना?

नाही. शेजारी राहतात, पण घर वेगळं आहे.

किंचाळणं हे रोजच्या वापरातलं क्रियापद आहे. आई पोराला म्हणते, किंचाळू नकोस रे, शेजारी झोपलेत. दोन बहिणी रिमोटवरून भांडताना किंचाळतात, झुरळ दिसलं की किंचाळतात, जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली यायला लागला की अख्खा पाळणा किंचाळतो आणि खाली उतरून परत तिकीट काढायला पळतो. म्हणजे किंचाळण्यात राग, हट्ट, मजा, भीती सगळं बसतं, आणि माणूस किंचाळत बोलूही शकतो. "ती किंचाळून म्हणाली" हे वाक्य अगदी बरोबर आहे. "ती किंकाळी फोडून म्हणाली" हे वाचून बघा, कुठेतरी अडकतंच ना? कारण किंकाळी फुटली त्या क्षणी बोलणं संपलेलं असतं.

एक सोपी परीक्षा सांगते, मी स्वतः कामात हीच वापरते. त्या माणसाला "गप्प बस" असं सांगता येईल का? येत असेल तर किंचाळणं. सांगायचं सुचणारच नाही, आधी धावत जाऊन बघावंसं वाटेल, तर किंकाळी.

प्रश्न: मग "वाचवा वाचवा" अशी किंकाळी असं लिहायचं का?

मी तरी लिहीत नाही. ज्याच्यात शब्द आहे ती हाक. आर्त हाक म्हणा, टाहो म्हणा, आरडाओरडा म्हणा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला पुण्यात शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, वय फक्त १८, आणि जिवाच्या आकांताने ते पळत राघोबादादांकडे गेले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. "काका, मला वाचवा" हे शब्द पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात, आणि रात्री वाड्यात अजून तो आवाज येतो अशी दंतकथाही आहे. आता गंमत बघा, त्याला कोणीही जुनं माणूस नारायणरावांची किंकाळी म्हणत नाही. नारायणरावांची हाक म्हणतात, आर्त हाक म्हणतात. का? कारण त्या आवाजात एक माणूस दुसऱ्या माणसाला नात्याने बोलावतोय. काका म्हणतोय. अजून आशा आहे. किंकाळीत कोणाला बोलावणं नसतं, ती कोणाच्याही नावाची नसते. म्हणून तर नारायणरावांची ती हाक इतकी वर्षं लक्षात राहिली असं मला मनापासून वाटतं, नुसती किंकाळी असती तर गोष्ट कोणाच्या तोंडी टिकली नसती.

हल्ली व्हिडिओंच्या टायटलमध्ये "शनिवारवाड्यातील किंकाळ्या" असं दिसतं, ते बदला ही विनंती.

प्रश्न: अपघाताच्या किंवा मृत्यूच्या बातमीत काय लिहावं? किंकाळी फोडली की हंबरडा फोडला?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

अपघात होतानाचा आवाज आणि अपघात झाल्यावरचा आवाज हे दोन वेगळे आवाज आहेत. बस दरीत जाताना आतल्या प्रवाशांच्या निघाल्या त्या किंकाळ्या. नंतर हॉस्पिटलच्या दारात नातेवाईक पोचल्यावर जे झालं तो आक्रोश. आईने पोराचा चेहरा बघितला आणि जो आवाज काढला तो हंबरडा. हंबरडा हा शब्द हंबरण्याच्या जवळचा, वासराला शोधणारी गाय जशी हंबरते तसा, पोटातून, खालून येणारा, लांब. तो उंच आणि टोकदार नसतोच मुळी. त्याच्यासाठी किंकाळी लिहिलं तर आवाजच चुकतो, आणि त्या बाईचं दुःखही चुकतं. दुःखाची किंकाळी होत नाही असं नाही, बातमी कळली त्या पहिल्या क्षणाला किंकाळी फुटू शकते, पण त्या मागोमाग येतो तो हंबरडाच.

आमच्या ओळखीत एक मृत्यू झाला तेव्हा मी त्या घरी होते. फोन आला तेव्हा त्या काकूंच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि मग बराच वेळ काहीच नाही. संध्याकाळी मुलगा गावाहून आला, दारात चप्पल काढत होता, तेव्हा त्यांनी हंबरडा फोडला. मधले ते चार तास मी विसरू शकत नाही. तेव्हापासून कोणी या दोन शब्दांची अदलाबदल केली की मला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही.

टाहो याच्या मधला आहे. टाहोमध्ये मागणं असतं. दुष्काळात माणसं पाण्यासाठी टाहो फोडतात, भक्त देवासाठी टाहो फोडतो, तान्हं पोर भुकेने टाहो फोडतं. कोणीतरी ऐकेल या आशेवर चाललेलं रडणं. आकांत म्हणजे एकट्याचा आवाज नसून सगळीकडे माजलेला हलकल्लोळ, एकच आकांत उडाला असं म्हणतो आपण, पण जिवाच्या आकांताने पळाला असंही म्हणतो, तिथे अर्थ जरा सरकतो. गळा काढणं यात थोडा दिखाऊपणाचा वास येतो, त्यामुळे खऱ्या शोकाच्या जागी तो वापरू नका, त्या घरच्या लोकांना लागतं. आणि भोकाड पसरणं फक्त लहान पोरांसाठी ठेवा.

प्रश्न: घोड्याची किंकाळी बरोबर आहे का?

नाही, घोड्याची खिंकाळी. ख आहे ख. घोडा खिंकाळतो.

ही चूक इतकी होते की ऐतिहासिक मालिकेचे सबटायटल आले की मी आधी क वरून सर्च मारते. लढाईचा सीन असतो, घोडे बिथरलेत, आणि खाली लिहिलेलं असतं "घोड्यांच्या किंकाळ्या". आता जखमी घोड्याचा आवाज खरंच किंकाळीसारखा असतो आणि एखाद्या लेखकाने जाणूनबुजून तसं लिहिलं तर मी हात लावत नाही, पण नुसता घोडा तबेल्यात उभा राहून आवाज करतोय तर ती खिंकाळीच. जुन्या ग्रंथांच्या भाषेत हेषा किंवा हेषारव म्हणतात. आणि जाता जाता, महाभारतात अश्वत्थाम्याचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगितलंय, जन्मल्या जन्मल्या घोड्यासारखा आवाज काढला म्हणून.

प्रश्न: बाकी प्राण्यांचं काय? शाळेत पाठ केलं होतं पण विसरलो.

सगळी यादी देत नाही, उंच आणि टोकदार आवाजाचे तेवढेच घेते.

हत्तीचा चीत्कार. लोकांना वाटतं हत्ती एवढा मोठा म्हणजे गर्जना करत असेल, पण सोंड वर करून तो जो तुतारीसारखा आवाज काढतो तो चांगलाच उंच असतो, त्याला चीत्कार. माणसासाठीही चीत्कार वापरतात, पण तो थोडा पुस्तकी वाटतो, गप्पांमध्ये कोणी म्हणत नाही.

मोराची केका, किंवा केकारव. हा शब्द मला फार आवडतो. मोर दिसायला एवढा देखणा आणि आवाज कर्कश, रात्री रानातून आला तर मांजर रडतंय का बाळ रडतंय कळत नाही. पण आपल्या लोकांनी त्या आवाजात ढगाला घातलेली साद ऐकली. कवी मोरोपंत (१७२९ ते १७९४), बारामतीला राहिलेले, त्यांनी देवाला घातलेल्या आळवणीला केकावली नाव दिलं, म्हणजे केकांची माळ. स्वतः मोर, देव ढग, आणि कविता म्हणजे त्या मोराचं ओरडणं. आणि संगीतशास्त्रात तर षड्ज म्हणजे आपला सा हा मोराच्या आवाजाशी जोडलाय. कर्कश आवाजाला एवढा मान दुसरीकडे कुठे मिळाला असेल?

कुत्रं दगड लागल्यावर जे ओरडतं ते केकाटणं. भुंकणं वेगळं, केकाटणं वेगळं, केकाटण्यात कळ आहे. माणसाला केकाटू नकोस म्हणणं हा अपमान आहे, सांभाळून.

टिटवीला बहुतेक नुसतं ओरडते म्हणतात. रात्री घरावरून टिटवी ओरडत गेली की गावाकडे अजूनही अशुभ मानतात, खरं म्हणजे बिचारीची अंडी उघड्या जमिनीवर असतात, कोणी जवळ गेलं की ती जिवाच्या आकांताने ओरडून घिरट्या घालते. आणि वाघाची डरकाळी, ती उंच नसते, पण डरकाळी, किंकाळी, खिंकाळी, आरोळी, हाळी हे सगळे शब्द ळी वर संपतात आणि सगळे स्त्रीलिंगी आहेत हे कधी लक्षात आलंय का? मला खूप उशिरा लक्षात आलं.

प्रश्न: लिहायचं कसं? कीं का किं?

किं, ऱ्हस्व. अनुस्वार असला की मराठी शब्दात आधीची वेलांटी ऱ्हस्व, चिंच, भिंग तसंच. शेवटची ळी दीर्घ. अनेकवचन किंकाळ्या. किंकाळीने, किंकाळ्यांनी. हिंदी कीबोर्डवर टाइप केलं की ळ चा ल होतो आणि किंकाली असं काहीतरी येतं, कृपया एकदा वाचून पोस्ट करा. चीत्कार मात्र संस्कृत, तिथे ची दीर्घ, फूत्कारातला फू दीर्घ असतो तसा. चित्कार असं पण सर्रास छापलेलं दिसतं.

प्रश्न: किंकाळी मारली, फोडली, ठोकली, दिली... कुठलं क्रियापद?

फोडली सगळ्यात भक्कम. मारली बोलण्यात चालतं. पण मला विचाराल तर फुटली, निघाली, बाहेर पडली हे सगळ्यात चांगलं, "तिच्या तोंडून किंकाळी फुटली", कारण मघाशी म्हटलं तसं ती कोणी करत नाही, ती होते. ठोकणं आरोळीला शोभतं. देणं हाळीला, शेताच्या बांधावरून हाळी देतात. हंबरडा आणि टाहो यांनाही फोडणं लागतं, डरकाळीलाही. आत काहीतरी कोंडलेलं होतं आणि ते फुटून बाहेर आलं, असा हिशेब आहे बहुतेक या सगळ्यांमागे.

विशेषणं: जीवघेणी, आर्त, काळीज चिरणारी, कर्णकर्कश. यातलं एकच वापरा. "काळीज चिरणारी आर्त जीवघेणी किंकाळी" असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही.

प्रश्न: बोंब मारणे यात येतं का?

आवाज उंच आहे, पण जात वेगळी. बोंब ही मुद्दाम मारायची गोष्ट, शिमग्याला होळीभोवती तोंडावर पालथा हात मारत मारतात ती खरी बोंब, त्यालाच शंख करणं पण म्हणतात. तिथून मग तक्रार या अर्थाने पसरलं, पाण्याची बोंब, पगाराची बोंब, नावाने शिमगा. चोर चोर म्हणून बोंब मारली हे पण बरोबर, गाव गोळा करायचंय ना. गोव्यात कोंकणीत बोब मारप म्हणजे साधं मोठ्याने ओरडणं, तिकडे शिमग्याची गरज नाही.

प्रश्न: आक्रोश म्हणजे राग ना? मोर्च्याला आक्रोश मोर्चा म्हणतात.

मराठीत आक्रोश म्हणजे मोठ्याने रडणं, शोक. हिंदीत तो शब्द संतापाकडे गेला, आणि हिंदी बातम्यांमधून तो अर्थ घेऊन परत आपल्याकडे आला. आता जनआक्रोश मोर्चा इतका रुळलाय की तो काढून टाका असं म्हणण्यात अर्थ नाही, पण "नागरिकांचा आक्रोश" वाचल्यावर ते रडतायत का चिडलेत हे कळेना झालंय, तिथे सरळ संताप लिहा. तसंच चीख. डब केलेल्या मालिकांमधून "एक चीख ऐकू आली" असं मराठीत घुसायला लागलंय. आपल्याकडे किंकाळी हा एवढा धारदार शब्द असताना चीख कशाला हवी? हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

प्रश्न: किंकाळी ऐकली की अंगावर काटा का येतो?

माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो आणि किंकाळीची बरीच ताकद तिथे जाते, हे एक. पण नुसत्या उंचीने काम होत नाही, बासरीही उंच असते. २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं दिसलं की किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा इतक्या झपाट्याने वरखाली होते. साध्या बोलण्यात हे हेलकावे फार संथ, सेकंदाला चार-पाच. या झपाट्यामुळे आवाज खरखरीत, फाटका लागतो आणि मेंदूतला भीतीचा भाग लगेच जागा होतो. धोक्याच्या अलार्ममध्येही हाच खरखरीतपणा सापडला. मराठीत आपण म्हणतो ना आवाज चिरकला, चिरका आवाज, ते यालाच, कानाने हे आधीच ओळखलं होतं. आवाज टिपेला गेला म्हणजे उंच गेला, चिरकला म्हणजे फाटला. किंकाळीत दोन्ही एकदम होतं.

प्रश्न: आनंदाची किंकाळी म्हणता येतं का?

नको. आनंदाने किंचाळली म्हणा, आनंदाने चीत्कारली म्हणा, एकच जल्लोष झाला म्हणा. दहावीचा निकाल लागला आणि पोरगी किंचाळली, छान. तिने किंकाळी फोडली असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल नापास झाली.

प्रश्न: गावाकडे हे शब्द वापरतात का, का हे सगळं पुणेरी?

वापरतात, पण ओरडण्याचं वरडणं होतं, "कशाला वरडाय लागलीस" असं सहज ऐकू येतं. कोकलणं पण आहे, विदर्भात कल्ला करू नको म्हणतात, त्यात आवाजापेक्षा गोंधळ जास्त. किंकाळी मात्र मी सगळीकडे तशीच ऐकलीय. माझी आजी अक्षरओळखीपुरती शिकलेली, ती विहिरीच्या एका जुन्या गोष्टीत नेहमी म्हणायची, "एकच किंकाळी आली, दुसरी न्हाई आली". एवढंच वाक्य, आणि आम्ही पोरं गप्प व्हायचो. एकच या शब्दाने काय झालं ते सगळं कळायचं.

प्रश्न: सबटायटलमध्ये नुसत्या आवाजाची सूचना द्यायची असेल तर?

हे नीट करा, कारण ज्यांना ऐकू येत नाही ते लोक फक्त तुमच्या शब्दावर अवलंबून आहेत. चौकटी कंसात "ओरडण्याचा आवाज" असं सगळीकडे चिकटवलं तर त्यांना भांडण आणि खून यातला फरक कळणार नाही. बाई दिसत नसेल, आवाज लांबून असेल, तर "दुरून किंकाळी". दिसत असेल तर "किंचाळते" किंवा "किंकाळी फुटते", सीन बघून. रडणं असेल तर "हंबरडा फोडते". हत्ती असेल तर "चीत्कार", घोडा असेल तर "खिंकाळतो". आणि किंकाळी मधेच तुटली असेल तर तेही लिहा, "किंकाळी, अचानक शांतता". जागा कमी पडते हे मला माहीत आहे, तरी ते दोन शब्द कापू नका.

प्रश्न: गाडीच्या ब्रेकची किंकाळी, रेल्वेची किंकाळी?

ब्रेक करकचून लागले, ब्रेक कर्रकन वाजले, हे आपल्याकडे आधीच आहे, तेच चांगलं. रेल्वे शिट्टी देते. किंकाळीला घसा लागतो.